जुन्या हेरल्डला महागडं ऑइल कशाला?

मंडळी, जुन्या स्टँडर्ड हेरल्डचा फोटो टाकला की कोणीतरी विचारतंच, "इंजिनात ऑइल कोणतं टाकायचं?" उत्तर ठरलेलं: सगळ्यात महाग सिंथेटिक. मला हे पटत नाही.

हेरल्ड १९६१ पासून मद्रासला बनू लागली. तिचं ९४८ सीसीचं इंजिन ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्स कारच्याच घराण्यातलं. त्यात कॅम थेट टॅपेटवर घासतो, मधे रोलर नाही. ही झीज ऑइलमधलं झिंक आणि फॉस्फरस थांबवतं. पण फॉस्फरसमुळे नव्या गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ऑइलमध्ये त्याचं प्रमाण कमी केलं गेलं. हेरल्डला कन्व्हर्टरच नाही, मग तिने उपाशी का राहावं?

दुसरं, 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. आपल्या बालाघाटात काही बर्फ पडत नाही. उन्हाळ्यात मात्र पारा चाळिशीपार जातो, इंजिन तापतं, ऑइल आणखी पातळ होतं. झिजलेल्या बेअरिंगला तेव्हा दाटपणा लागतो. म्हणून साधं मिनरल २०डब्ल्यू-५० बरं. गाडी उभी असली तरी वर्षातून एकदा बदलाच.

बँकेत कर्ज देताना आम्ही माणसाचे कपडे नाही, कागद पाहायचो. डब्याचंही तसंच, किंमत सोडा, ग्रेड वाचा. ऑइल कुठल्याही दुकानात मिळेल हो, पण हेरल्डचा नवा कॅमशाफ्ट आता कुठून आणणार?