जुन्या सायकलीस विजेची जोड

आमच्या घरीं जिन्याखालीं एक उंच, काळी, 28 इंची चाकांची सायकल उभी असते. ती आमचे थोरले चुलते तात्या यांची. शाळेंतील नोकरीच्या तीस वर्षांत तात्यांनीं तिच्यावरून कोल्हापूरचे रस्ते पालथे घातले, आणि घरांतील मुलें तिच्याच नळीखालून पाय घालून सायकल शिकलीं. पुढें तात्यांचे गुडघे धरूं लागले. मंगळवार पेठेंतून कसबा बावड्यास दर गुरुवारीं बालमित्राकडे बुद्धिबळ खेळावयास जाण्याचा त्यांचा नेम प्रथम पंधरवड्यावर गेला आणि मग सुटलाच. रिक्षा करा म्हटलें कीं, "एका डावासाठीं रिक्षा?" एवढेंच बोलून ते वर्तमानपत्र उघडीत. कर्ता माणूस घरीं बसला म्हणजे काय होतें, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस निराळें सांगावयास नको. त्याचें बोलणें कमी होतें, आणि भाजींतील मीठ मात्र त्यास अधिक जाणवूं लागतें.

आमचा पुतण्या अभियांत्रिकी शिकतो. त्यानें एके दिवशीं जेवतांना विषय काढिला, "तात्या, तुमच्या सायकलीला मोटर बसवूं या का?"

तात्या म्हणाले, "मग ती सायकल कसली?"

प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. 1888 सालीं किर्लोस्कर बंधूंनीं बेळगांवांत सायकलींचें लहानसें दुकान काढिलें, तेव्हां सायकल हेंच एक नवल होतें. गिऱ्हाइकास ती विकून भागत नसे, चालवावयासही शिकवावी लागे. पायीं जाण्याचें सोडून दोन चाकांवर बसणाऱ्यासही त्या काळीं कोणी ना कोणी आळशी म्हटलें असेलच. परंतु पायांस मदत होणें आणि पायांस रजा मिळणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. सातारा जिल्ह्यांत फलटण येथें 1968 पासून निंबकर कृषि संशोधन संस्था आहे. तेथें डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांचे सहकारी यांनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत पायडलच्या सायकल-रिक्षेवर हाच विचार केला. त्यांनीं एक रिक्षा केवळ हलकी व गिअरची केली, दुसरीस चढावर हात देण्यापुरती मोटर जोडिली, आणि तिसरी सर्वस्वीं विजेवर चालविली. त्या काळीं घट शिशाचे, म्हणून बोजड. पण दुसऱ्या रिक्षेमागचा विचार आम्हांस आजही मोलाचा वाटतो. माणसानें पायडल मारावें आणि जेथें त्याचा दम तुटतो तेवढ्यापुरतें यंत्रानें पुढें व्हावें. हें समजाविल्यावर तात्यांनीं होकार दिला नाहीं, पण नकारही दिला नाहीं. आमच्या घरीं यासच संमति म्हणतात.

मोटर बसविणें हें त्या मानानें सोपें काम. चाकाच्या मध्यभागीं जो हब असतो त्याच्या जागीं मोटरच बसते. तिचा आंस चिमट्यांत घट्ट राहतो आणि भोंवतालचें चाक फिरतें. अडचण आली ती अनपेक्षित ठिकाणीं. जुन्या चालीच्या सायकलीस पुढच्या चाकांत 32 व मागच्यांत 40 तारा असतात, आणि बाजारांत मिळणाऱ्या बहुतेक मोटरींस भोकें 36! म्हणजे रिम नवी आली. जुने ब्रेक सळयांचे. त्यांचे रबर रिमच्या आंतल्या अंगास दाबतें. नव्या रिमेस तें जमेना, म्हणून पुढचा ब्रेक वायरचा घेतला. ब्रेक दाबतांच मोटरचा प्रवाह तुटावा अशी योजना पाहिजे, तेव्हां मुठीही बदलल्या. उद्यमनगरांतील एका कारागिरानें चिमट्याच्या खाचा कानशीनें घासून दिल्या आणि आंसाला पोलादी पट्टी लावून ती चिमट्याशीं आवळली. ही पट्टी लहानशी दिसते, पण मोटरचा पीळ जेव्हां आंसावर येतो तेव्हां तीच त्यास खाचेंतून निसटूं देत नाहीं. पुढचें चाक भर रस्त्यांत सुटलें तर काय होईल याची कल्पना करावी. तात्या बाजूस उभे राहून हें सर्व पाहत होते. शेवटीं म्हणाले, "यांत माझी सायकल उरली किती?"

मोटर 250 वॉटच्या आंतली घेतली. अधिक शक्तीची मिळत नाहीं असें नाहीं, आणि पुतण्याचा डोळा तिच्यावरच होता. परंतु कायद्यानें पायडलच्या सायकलीस सवलत दिली आहे ती एवढ्याच शक्तीपर्यंत. अधिकृत तपासणी झालेली असावी, वेग ताशीं 25 किलोमीटरांस पोंचेपर्यंत मोटर हळूहळू मागें सरून थांबावी, आणि पायडल थांबलें तर तीही थांबावी. पुढें पांढरा व मागें तांबडा परावर्तक असावा. याहून मोठें यंत्र जोडलें तर तें मोटरवाहन होतें आणि नोंदणी, परवाना, विमा सारें मागें लागतें. शिवाय जो सांगाडा पायांच्या जोरासाठीं घडविला, त्यास दुप्पट वेगानें खड्ड्यांतून न्यावें हें आम्हांस तरी शहाणपणाचें वाटत नाहीं.

धाकट्या मुलांचा प्रश्न एकच होता. हिच्यावरून पन्हाळ्यास जातां येईल का? तो आम्हीं पाटीवर सोडविला. पन्हाळा भोंवतालच्या सपाटीहून सुमारें 400 मीटर उंच. माणूस व सायकल मिळून 100 किलो धरले, तर तेवढें वजन वर नेण्यास 3,92,000 ज्यूल, म्हणजे सुमारें 109 वॉट-तास कार्य पडतें. आमच्या बॅटरींत 38.4 व्होल्टवर 10 अँपिअर-तास, म्हणजे 384 वॉट-तास सांठा. कागदावर तिसरा हिस्साही लागत नाहीं! पण चढावर चाक मंद फिरतें, आणि हबांतील मोटर मंद गतीस विजेचा मोठा भाग नुसत्या उष्णतेंत घालविते. पायडल न मारतां घाट चढूं गेल्यास बॅटरी संपण्यापूर्वीं मोटरच करपावयाची. पाय चालते ठेवणाऱ्यास मात्र ती खरोखर हात देते. सपाट रस्त्यावर थोडें पायडल मारीत गेल्यास किलोमीटरास दहा ते पंधरा वॉट-तास लागतात, म्हणजे एका भरणींत पंचवीस-तीस किलोमीटर सहज होतात. बावड्यास जाऊन येण्यास हें हवें त्याहून किती तरी अधिक आहे. भरण्यास अर्धें युनिटही लागत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट, आणि ती सांगतांना आम्हांस थोडी लाज वाटते. आमची पहिली बॅटरी ही नव्हे. पहिली आम्हीं स्वस्तांत घेतली होती. गांवांतल्याच एका विक्रेत्यानें जुन्या लॅपटॉपमधील घट काढून, जोडून, वर निळें प्लास्टिक चढवून ती दिली. तीन आठवडे ती उत्तम चालली. मग एका रात्रीं साडेदहाच्या सुमारास वहिनींस करपट-गोडसर वास आला. जिन्याखालीं जाऊन पाहतात तों बॅटरी हात लावतां येईना इतकी तापलेली आणि वेष्टन मऊ पडलेलें. पुतण्यानें भिंतीवरील बटण बंद केलें. घरांतील सर्वांस अंगणांत आणून आम्ही तासभर बसून राहिलों. पुढें कांहीं झालें नाहीं, हें केवळ दैव.

लिथियम ही सर्वांत हलकी धातु. तिचे विद्युद्भारित कण घटाच्या एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे ये-जा करितात. हलकेपणा आणि सांठा दोन्ही त्यामुळें साधतात. असे घट प्रथम 1991 सालीं जपानांत बाजारांत आले, आणि या कामाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस 2019 चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पण घट जरुरीपेक्षां अधिक भरला, अथवा आंतल्या आंत जोडला गेला, तर तो तापतो; तापल्यानें आंतील क्रिया वाढते, तिनें तो आणखी तापतो, आणि शेजारच्या घटासही पेटवितो. म्हणून प्रत्येक घटावर नजर ठेवून वेळींच प्रवाह तोडणारी एक लहान पाटी बॅटरींत असते. कारखान्यांतले लोक तिला बी. एम. एस. म्हणतात. आम्हीं ती निळी बॅटरी पुढें उघडविली तेव्हां तींत ही पाटीच नव्हती! निरनिराळ्या वयाचे चाळीस घट आणि दोन तारा, बस्स.

दुसऱ्या दिवशीं पुतण्या चांगल्या बॅटरीचे भाव सांगूं लागला. वहिनींनीं त्यास मध्येंच थांबविलें. "बॅटरी चांगली आण कीं वाईट आण. वर आठ माणसें निजतात आणि खालीं यायला हाच एक जिना आहे. त्याच्या तोंडाशीं ती ठेवायची नाहीं." आम्ही दोघे विजेचें गणित मांडीत होतों, घराचें गणित आमच्यापैकीं कोणीच मांडलें नव्हतें. आमच्या पेठांतील जुन्या वाड्यांचे जिने लांकडी, अरुंद आणि बहुधा एकच. तेव्हां आतां भरणी होते ती मागल्या पडवींत, फरशीवर, दिवसा, आणि कोणी तरी जागें व जवळपास असतां. उन्हांतून आलेली बॅटरी तासभर थंड होऊं देऊन मगच जोडतात. धूर दिसला तर ती उचलण्याचा पराक्रम न करितां माणसें बाहेर काढावीं, दार ओढून घ्यावें आणि 101 ला कळवावें.

नवी बॅटरी लोह-फॉस्फेट जातीची, एका वयाच्या नव्या घटांची घेतली. ती त्याच सांठ्याच्या इतर जातींहून थोडी जड, पण आंच सोसण्यास पुष्कळ बरी आणि अधिक टिकाऊ. तिचा चार्जर तिचाच, हा 43.8 व्होल्टचा, दुसऱ्या जातीचा 42 चा, आणि टोंकें मात्र एकसारखीं, म्हणून चार्जरवर वहिनींनीं लाल दोरा बांधला आहे.

नदीकाठच्या पेठांतील वाचकांस एक गोष्ट अवश्य सांगावयाची आहे. ऑगस्ट 2019 मध्यें आणि जुलै 2021 मध्यें पंचगंगेचें पाणी कोठवर आलें हें कोल्हापुरांत कोणी विसरलेलें नाहीं. पुराचा इशारा मिळतांच बॅटरी सायकलीवरून काढून वर न्यावी. पाण्यांत बुडालेली बॅटरी वरून वाळली तरी आंतून गंजत राहते आणि कांहीं दिवसांनींही पेटूं शकते. ती चार्जरला लावूं नये, घरांतही ठेवूं नये. विजेच्या वस्तूंचा कचरा रीतसर घेणाऱ्याकडेच ती द्यावी.

गेल्या गुरुवारीं तात्या बावड्यास गेले. निघतांना पुतण्यानें विचारलें, "तात्या, मोटर किती नंबरावर ठेवूं?"

"बंदच ठेव. परत येतांना पाहूं."

साडेसहाला परतले तेव्हां बॅटरींतील सांठा चौथ्या हिश्शानें उतरलेला दिसला. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. डाव कोणी जिंकला हें विचारतां तात्यांनीं वर्तमानपत्र उघडलें, त्यावरून तो मित्रानें जिंकला असावा.