गाडीचा खर्च कोणत्या रकान्यात?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी बऱ्याचजणी घरखर्चाची वही लिहीत असाल. माझ्या वहीत दूध, किराणा, गॅस, मुलांची फी, लाइट बिल असे रकाने गेली वीस वर्षं आहेत. गाडीचा रकाना मात्र नव्हता. पेट्रोल ‘हे’ भरून आणायचे, सर्व्हिसिंगही तेच बघायचे. गाडी चालवायची मी, आणि तिचा हिशेब मात्र मला ठाऊक नाही! गेल्या महिन्यात हे पंधरा दिवस बाहेरगावी होते, स्कूटर किक मारून मारून थकवू लागली, तेव्हा मीच ती बसस्टँडमागच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले.

संध्याकाळी मिस्त्री म्हणाले, “वहिनी, तेराशे द्या.”

तेराशे! माझ्या डोक्यात कधीतरी ऐकलेला सहाशेचा आकडा बसलेला. बाई बघून जास्त सांगतोय, हे पहिलं मनात आलं. म्हटलं, “लिहून द्या.” त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि मागच्या बाजूला लिहून दिलं. ऑइल ३८०, एअर फिल्टर १९०, प्लग ११०, मागचे ब्रेक शू २२०, धुलाई १००, मजुरी ३००. बेरीज बरोबर होती. मग सवयीने तोंडातून निघालंच, “मजुरी अडीचशे करा की.”

मिस्त्री हसले. म्हणाले, “सामानाच्या पाकिटावर किंमत छापलेली असते, तिथं तुम्ही काही बोलत नाही. सगळे माझ्या हातालाच कापतात.” सामानावरही त्यांना चार पैसे सुटतात, हे मलाही कळतं. तरी बोलणं लागलं. दोन-अडीच तास तो माणूस जमिनीवर बसून काम करत होता. पार्लरमध्ये आपण घासाघीस न करता पैसे देतो, आणि जिच्यावर मुलाला बसवून शाळेत नेतो त्या गाडीच्या मजुरीत पन्नास रुपये कापायला निघतो.

पण गोष्ट इथं संपली नाही. मी काढलेले जुने पार्ट मागितले. (ही युक्ती माझ्या भावाची.) एअर फिल्टर काळाकुट्ट, धुळीने गच्च भरलेला. मिस्त्री म्हणाले, हा तर कित्येक महिन्यांत बदललेलाच नाही. आणि सहाच महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका दुकानात आम्ही फिल्टर बदलल्याचे पैसे दिले होते! पावती नाही, जुना पार्ट बघितलेला नाही. भांडायचं तरी कशाच्या जोरावर?

म्हणून सांगते, चिठ्ठी मागायला लाजू नका. छोट्या गॅरेजकडे जीएसटीचं बिल नसेल, पण काय बदललं आणि किती घेतलं एवढं लिहून देणं कुणालाही जमतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा पाकिटावरची किंमत वाचायची सवय ठेवा.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी मला नव्यानं कळली. स्कूटरचं ऑइल वेगळं आणि मोटरसायकलचं वेगळं. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्या ऑइलमध्येच बुडालेला असतो. त्यात स्कूटरचं ऑइल गेलं तर क्लच घसरू शकतो. घरात दोन्ही गाड्या आहेत म्हणून स्वस्तात मोठा डबा आणून दोन्हींत ओतणाऱ्यांनी (आमच्याच घरात असे एक आहेत) हे लक्षात घ्यावं.

आता जरा कडू बोलते. आपण बायका काटकसर करतो ती नेमकी नको तिथं. आमच्या बचत गटातली एक ताई शेवया-पापड घेऊन आसपासच्या खेड्यांत स्कूटरवर फिरते. ब्रेक लागताना कर्रकर्र आवाज येत होता. मिस्त्रीने सांगितलं होतं, शू बदला. ती म्हणाली, मुलीची फी भरली की बघू. त्यानंतर गौरी-गणपती आले. दोन महिन्यांनी उतारावर ऊसाची नव्हे, साधी पाण्याच्या टँकरची ट्रॉली आडवी आली आणि ब्रेक लागलाच नाही. हात मोडला. महिनाभर फेरी बंद, दवाखान्याचा खर्च वेगळा. शूचं लायनर संपल्यावर लोखंड लोखंडावर घासलं होतं. ड्रम खराब झाला, आणि तिच्या गाडीत तो चाकातच असल्यानं अख्खं चाक बदलावं लागलं. दोन-अडीचशे रुपयांचं काम होतं ते!

तिला कुणी बोल लावला तर मला राग येतो. फी आणि ब्रेक यांतून एक निवडायची वेळ तिच्यावर का आली, हे विचारायला नको का? गाडी घ्यायला कर्ज मिळतं, हप्त्याची तारीख कुणी विसरू देत नाही. पण सर्व्हिसिंगचे पैसे कुठून येणार, हे कर्ज देताना कुणी विचारत नाही. आम्हीही गटात विचारलं नव्हतं, ही आमची चूक.

आता गटातल्या गाडीवाल्या अकरा जणी दरमहा शंभर रुपये वेगळे ठेवतात. वर्षाचे बाराशे. सगळा खर्च भागणार नाही, पण ब्रेकसाठी थांबावं लागणार नाही. माझ्या वहीतही ‘गाडी’ हा रकाना पडलाय. ह्यांनी तो बघितला आणि काही न बोलता पेट्रोलची पावती आणून ठेवली.

पुढच्या बैठकीला त्याच मिस्त्रींना बोलावलंय, ब्रेक कसा तपासायचा, ऑइल कसं बघायचं ते दाखवायला. दुकान बंद ठेवून येणार म्हणजे त्यांची दोन तासांची मजुरी बुडणार. ती द्यायची की नुसता नारळ-टॉवेल, यावर सध्या गटात वाद चालू आहे. मी मजुरी द्यायच्या बाजूची.