एक दिवस त्यांना वाढू द्या



लातूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची लेक सहा महिन्यांसाठी केनियात गेली आहे. किसुमूजवळ, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या एका शाळेत ती स्वयंसेविका म्हणून शिकवते. शनिवार-रविवारी शाळा नसते. मग शेजारपाजारचे लोक तिला जेवायला बोलावतात, सरोवरावर फिरायला नेतात. लेक फोनवर म्हणते, "आई, मी इथं काम करायला आलेय. त्यांच्याच घरी बसून खायचं म्हणजे लाज वाटते." भगिनी विचारतात, तिला काय सांगू?

त्याआधी माझीच एक गोष्ट सांगते.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्या मराठवाड्यात कोण विसरेल? आदल्या रात्री गणपती बोळवून लोक निजले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीची जड माळवदं! 8 हजारांच्या आसपास माणसं गेली, 52 गावं नव्या जागी वसवावी लागली.

नांदेडहून आमच्या महिला मंडळातल्या बायका तिकडे पाळीपाळीनं जात. लोहा, अहमदपूर, लातूर, औसा असा एस.टी.चा प्रवास. 1994 च्या डिसेंबरअखेर माझी पाळी आली. गाव अजून पत्र्याच्या शेडमध्येच होतं. सकाळी बालवाडी आणि दुपारी शिवणवर्ग, असं आमचं काम. शिधा आम्ही घरून नेलेला. कुणाकडचा चहासुद्धा घ्यायचा नाही, असा नेमच होता. आधीच त्यांच्याकडे काय उरलंय, त्यात आपला भार कशाला? खरं सांगायचं तर या नेमाचा मला थोडा अभिमानही वाटायचा.

त्या शनिवार-रविवारी वेळ अमावस्या आली. लातूर-धाराशिवकडे या 'येळवशी'ला सगळं गाव शेतात जातं, हे तुम्हांला सांगायला नकोच. वर्गाला कोण येणार? मी आपली हिशेबाची वही काढून बसले. एवढ्यात शेजारच्या मावशी आवतण घेऊन आल्या. भूकंपात त्यांची सून आणि नातू गेले होते. मी नेहमीसारखं म्हटलं, "नको मावशी, आमचं आहे सगळं."

त्या दारातच बसल्या. म्हणाल्या, "बाई, सव्वा वरीस झालं, आमी नुस्तं घेतोय. कापडं घेतली, भांडी घेतली, दाणं घेतलं. घेऊन घेऊन हात अवघडला बघा. आज तरी आमाला वाढू द्या."

मी वही मिटली.

शेत माकणीच्या धरणाच्या पाण्याजवळ होतं. कडब्याची कोप, तिच्यात चुना लावून मांडलेले पाच पांडव. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. मावशी आग्रह करकरून वाढत होत्या. जेवणं झाल्यावर आम्ही बायका पाण्याकडे तोंड करून निवांत बसलो. याच पाण्याच्या भारानं भूकंप झाला की काय, यावर तेव्हा शास्त्रज्ञांतही वाद चालला होता. एकीनं तो विषय काढला आणि बोलणं सुरू झालं. मावशींनी सुनेचं नाव माझ्यासमोर पहिल्यांदा घेतलं. दुसरी म्हणाली, रात्री वाऱ्यानं पत्रा वाजला की पोरं अजून बाहेर पळतात. तिसरी हसत म्हणाली, "ताई, तुमच्या शिवणाच्या टायमालाच पाण्याचं टँकर येतंय. कसं यावं आमी?"

आणि आमच्या वहीत काय लिहिलं होतं? 'बायकांना शिवणाची आवड कमी.' सोमवारी वर्गाची वेळ बदलली, तर बसायला जागा पुरेना!

तेव्हा भगिनींनो, लेकीला सांगा, बोलावणं आलं तर संकोच न करता जा. तिकडे मक्याच्या पिठाची घट्ट उकड करतात, तिला 'उगाली' म्हणतात. पालेभाजीबरोबर ती हातानंच खायची, आपल्या भाकरीसारखी. जाताना साखर किंवा चहापत्ती न्यावी, भारी भेट नको, कारण तिची फेड करणं त्यांना जड जातं. जेवणानंतर भांडी उचलायला हात लावावा. कामाचं बोलणं आपण होऊन काढू नये, ते निघालं तर ऐकावं.

आईच्या काळजीच्याही दोन गोष्टी सांगते. नावेत बसताना तरंगायचं जाकीट घालायचंच, पोहता येत असलं तरी. आणि सरोवराच्या पाण्यात पाय सोडून बसायचं नाही. काठच्या पाण्यातल्या गोगलगायींमुळे बिल्हार्झिया नावाचा रोग होतो. रात्री मच्छरदाणी हवीच, तिकडे हिवताप फार.

आणि हो, भज्जीची कृती तिला लिहून पाठवा. तुरीचे दाणे तिथं मिळाले नाहीत, तर मिळतील त्या शेंगा आणि पालेभाज्या घालाव्यात. चारदा त्यांच्याकडे जेवली की पाचव्या रविवारी तिनं त्यांना वाढावं.