आधी आडवी पाडा, मग बोला

उन्हाळा लागला की माझ्या फोनवर गावाकडून आणि पुण्या-मुंबईकडून एकच प्रश्न यायला लागतो. "लडाखला यायचंय. बीएमडब्ल्यूची जीएस घेऊ की होंडाची आफ्रिका ट्विन?" विचारणाऱ्यांत शाळेतले दोस्त असतात, मेव्हण्याचे मित्र असतात, मला कधी न पाहिलेला एखादा आयटीतला पोरगाही असतो. मी फौजेत आहे, सध्या पोस्टिंग लडाखला आहे, म्हणजे मला ठाऊक असणारच, असा सरळ हिशेब.

उत्तर माझ्याकडे आहे. दोन्ही गाड्या मी चालवल्या आहेत, डांबरावर आणि डांबराबाहेरही. पण उत्तराआधी या प्रश्नाशीच माझं भांडण आहे. तो असा विचारायला ज्यांनी शिकवलं, त्या व्हिडिओवाल्या परीक्षकांशी आणि क्लबातल्या दादा लोकांशीही आहे. ही मंडळी हॉर्सपॉवर सांगतात, टॉर्क सांगतात, स्क्रीन किती इंची ते सांगतात, शून्य ते शंभर किती सेकंदांत ते सांगतात. गाडी पडली तर काय, हे कोणी सांगत नाही. आणि मोठी अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल पडते. चांगला चालवणाऱ्याचीही पडते. वाळूत पडते, ओढ्यात पडते, आणि सगळ्यात जास्त वेळा जागेवर उभी असताना पडते.

आता तुलना. आधी डांबर, कारण तिथला निकाल सोपा आहे.

आर १२५० जीएसचं इंजिन १२५४ सीसीचं, १३६ हॉर्सपॉवरचं. त्याची दोन सिलिंडरं दोन्ही बाजूंना आडवी बाहेर आलेली. त्यामुळे वजन खाली राहतं आणि चालत्या गाडीत ते जाणवतच नाही. पुढच्या सस्पेन्शनची रचना अशी की जोरात ब्रेक लावला तरी गाडी नाक खुपसत नाही. मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्ट, म्हणजे रोज संध्याकाळी चेनला तेल देत बसायचं काम नाही. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी बंगळूर गाठायचं असेल, पाठीमागे बायको आणि तीन पेट्या सामान असेल, तर जीएससारखी गाडी नाही. लेहहून उपशीमार्गे सिंधूच्या काठाकाठाने माहेपर्यंत मी ती चालवली. वळणामागून वळण येतं आणि गाडी स्वतःहून त्यात उतरते. तिथे आफ्रिका ट्विन मागे पडते. तिचं १०८४ सीसीचं इंजिन शंभरच्या आसपास हॉर्सपॉवर देतं, पुढचं चाक २१ इंची, आणि वेगात वळण घेताना ते चाक जरा सावकाश कलतं. डांबरावर जीएस जिंकते, हे मान्य करून टाकू.

डांबर संपलं की चित्र उलटतं. आमचा फेरा माहेहून सुमदो, तिथून कोरझोकला त्सो मोरिरी, परत सुमदोला येऊन पुगाच्या गरम झऱ्यांवरून पोलोकोंग्का ला चढून त्सो कारला उतरायचं, असा होता. बजरी, पन्हाळीसारखा खडबडीत झालेला कच्चा रस्ता, मध्येच भुसभुशीत वाळू. इथे आफ्रिका ट्विनचं तेच २१ इंची चाक कामाला येतं. साधी गोष्ट आहे. बैलगाडीचं मोठं चाक धोंड्यावरून निघून जातं, हातगाडीचं छोटं चाक त्याच धोंड्याला अडतं. जीएसचं पुढचं चाक १९ इंची आहे. शिवाय आफ्रिका ट्विनच्या पुढच्या सस्पेन्शनचा पल्ला २३० मिलिमीटर, जीएसचा १९०. फूटपेगवर उभं राहून चालवताना आफ्रिका ट्विनचं हँडल पुढच्या चाकाखाली काय चाललंय ते हाताला कळवतं. जीएसचं हँडल शांत राहतं. डांबरावर जो आराम वाटला, तो वाळूत आंधळेपणा वाटायला लागतो.

म्हणजे रस्त्यावर जीएस आणि मातीत आफ्रिका ट्विन. बहुतेक तुलना इथेच संपतात. माझ्या मते खरी तुलना इथून सुरू होते.

१५,००० फुटांवर हवा इतकी विरळ असते की इंजिनची ताकद साधारण ४० टक्क्यांनी उतरते. जीएसचे १३६ घोडे तिथे ऐंशीच्या आसपास उरतात, आफ्रिका ट्विनचे साठेक. ज्या पस्तीस-छत्तीस घोड्यांच्या फरकावर क्लबात रात्र रात्र वाद झाले, त्यातले निम्म्याच्या जवळपास घोडे लेहच्या आसपास आणि वरच्या घाटांत गळून पडलेले असतात. चालवणाऱ्याच्या अंगातली ताकदही उतरते. दोन जिने चढले तरी धाप लागते. पण वजन? जीएस २४९ किलो. भारतात आलेली आफ्रिका ट्विन अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स हाताच्या गिअरची २३८ किलो, आपोआप गिअर बदलणारी आणखी दहा किलोने जड. त्यावर तुमच्या अॅल्युमिनियमच्या पेट्या, तंबू, जादा पेट्रोल. इंजिन अर्धं सुट्टीवर, माणूस अर्धा सुट्टीवर, वजन मात्र पूर्ण हजेरीला उभं.

आणि गाडी पडते ती कशी, तेही बघा. दोन्हींच्या सीटची उंची ८५० ते ८७० मिलिमीटर. साडेपाच फुटी मराठी माणसाचे फक्त चवडे टेकतात. ओढ्याच्या काठावर थांबलात, पाय टेकला तिथे नेमका खड्डा निघाला, गाडी पाच अंश जास्त कलली, की संपलं. त्या क्षणी ट्रॅक्शन कंट्रोल, रायडिंग मोड, सहा अक्षांचा सेन्सर यांतलं काहीही मदतीला येत नाही. ती सगळी यंत्रं गाडी चालती असतानाची आहेत.

फौजेत गाड्यांचा ताफा निघतो तेव्हा शेवटी रिकव्हरीची गाडी असते. कुठली गाडी किती पळते याच्या आधी, ती अडकली तर बाहेर कशी काढायची, हे ठरलेलं असतं. डोंगरात ज्याने दोन हिवाळे काढले त्याला ही अतिसावधगिरी वाटत नाही. मोटरसायकलवाल्यांनी हा एकच प्रश्न आमच्याकडून उचलावा: ही पडली तर उचलणार कोण?

त्सो कारच्या बाजूला वाळूच्या पट्ट्यात आम्हाला एक गडी भेटला. एकटाच होता. गाडी कुठली ते सांगत नाही, कारण या दोन्हींपैकी कुठलीही असती तरी तेच झालं असतं. अर्ध्या तासात गाडी तीनदा पडली होती आणि त्याने ती दोनदा एकट्याने उचलली होती. तिसऱ्यांदा तो गाडीशेजारी बसून राहिला होता, ओठ काळे-निळे, बोलताना वाक्य तुटत होतं. विमानाने लेहला येऊन त्याला तिसरा दिवस होता. गाडी ट्रकमधून आधीच पोचली होती. आम्ही चौघांनी मिळून गाडी उभी केली, आणि त्याला तिथून आमच्या एमआय रूमपर्यंत नेऊन ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी तो खाली लेहला गेला. वाचला. पण चौथी पड आणखी दहा किलोमीटर पुढे झाली असती, तर तिथे आम्ही नव्हतो.

याचा गाडीच्या तुलनेशी काय संबंध, असं कोणी म्हणेल. सगळा संबंध आहे. उंचीवर फुप्फुसांत पाणी भरतं, त्याला आम्ही हेप म्हणतो. शरीराला उंचीची सवय होण्याआधी केलेले कष्ट हे त्याचं एक मोठं कारण. म्हणून फौज जवानाला ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस ठेवते, १२,००० ते १५,००० वर आणखी चार, त्यावर जायचं तर आणखी चार. पहिले दोन दिवस तर विश्रांतीच. विशीतल्या, रोज पळणाऱ्या पोराला हा नियम आहे. आणि बावन्न वर्षांचा, दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस तिसऱ्या दिवशी पंधरा हजारांवर अडीचशे किलो लोखंडाशी कुस्ती खेळतो. तुलनेच्या तक्त्यात वजनाचा रकाना सातव्या-आठव्या ओळीत असतो. माझ्या लेखी इथे ती डॉक्टरच्या कागदावरची नोंद आहे.

"पण या गाड्या तर वाळवंट जिंकलेल्या आहेत," असं उत्तर मला हमखास मिळतं. खरं आहे. १९८१ साली बीएमडब्ल्यूने पॅरिस-डकार जिंकली, १९८६ ते १९८९ सलग चार वेळा होंडाने जिंकली आणि १९८८ साली पहिली आफ्रिका ट्विन बाजारात आली ती त्याच पुण्याईवर. पण १९८० सालची पहिली आर ८० जी/एस पन्नास हॉर्सपॉवरची होती आणि वजन दोनशे किलोच्या आत होतं. नाव तेच राहिलं, गाडी पोटाने वाढत गेली. कंपन्यांनाही हे कळतं. नवी आर १३०० जीएस १४५ हॉर्सपॉवरची केली, पण वजन २३७ किलोवर उतरवलं. उलट होंडाने २०२४ साली मोठ्या टाकीच्या आफ्रिका ट्विनला २१ ऐवजी १९ इंची चाक लावलं. का? ती घेणारे बहुतेक लोक डांबरावरच असतात म्हणून. गिऱ्हाईक कुठे चालवतं हे कंपनीला ठाऊक आहे. गिऱ्हाईक मात्र अजून पोस्टरवरच्या वाळूच्या टेकडीकडे बघतंय.

दुसरं उत्तर येतं: "आम्ही ग्रुपने येतो, मागे बॅकअप गाडी असते." मग माझं काहीच म्हणणं नाही. तुमच्याकडे रिकव्हरी आहे. चारजण असाल तर यांतली कुठलीही घ्या, मजेत या. माझा वाद एकट्याने येणाऱ्याशी आणि त्याला एकट्याने यायला फूस देणाऱ्याशी आहे.

तिसरं उत्तर क्लबातल्या जुन्या खोडांचं: "वजन काही नसतं, टेक्निक असतं." अर्धं खरं आहे. पडलेल्या गाडीला पाठ लावून, पायांच्या जोरावर उचलायची रीत आहे आणि ती शिकलीच पाहिजे. जीएसच्या बाजूने एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगतो. ती बाहेर आलेल्या सिलिंडरवर टेकते, पूर्ण झोपत नाही, त्यामुळे सपाट जागी उचलायला ती आफ्रिका ट्विनपेक्षा सोपी जाते. पण उतारावर, चाकं वरच्या अंगाला करून पडली की दोन्ही सारख्याच. आणि टेक्निकला श्वास लागतो.

आता सरळ निकाल देतो, टाळाटाळ नको.

तुमचा रस्ता लेह, नुब्रा, पँगॉंग आणि मनालीमार्गे परत एवढाच असेल, तर बहुतेक सगळं डांबर आहे. सीमा सडक संघटनेने ते घातलंय आणि दरवर्षी पुन्हा घालते. वीस लाखांच्या वर खर्चायची ऐपत असेल तर जीएस घ्या आणि जोडीदाराला मागे बसवून आणा. डांबर सोडून त्सो कारसारख्या भागात शिरायचं असेल आणि सोबत निदान एक दणकट गडी असेल, तर आफ्रिका ट्विन. सोळा लाखांच्या आसपास आलेली ही गाडी वाळूत जीएसपेक्षा जास्त माफ करते आणि चोवीस लिटरहून मोठी टाकी लांब पल्ल्यात चिंता ठेवत नाही. चेनला रोज तेल द्यावं लागेल, पण तुटलेली चेन रस्त्याच्या कडेला जोडता येते. बिघडलेला शाफ्ट तिथे जोडता येत नाही. गाडी कुठलीही असो, शोरूममधून आलेले टायर बहुतेक डांबराचे असतात. खोल खाचांचे टायर घातले की वाळूत जेवढा फरक पडतो, तेवढा या दोन गाड्यांमध्येही नाही.

आणि एकटे येत असाल, तर दोन्ही नकोत. १९६ किलोची हिमालयन ४५० आणा, किंवा त्याहून हलकं काही. क्लबात कोणी हसलं तर हसू द्या. चाळीस हॉर्सपॉवर इथल्या रस्त्याला पुरतात, आणि ती पडली तर तुमच्या हातून उठण्याची शक्यता बरीच जास्त.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. पुणे समुद्रसपाटीपासून जेमतेम १,८०० फुटांवर आहे, भरपूर ऑक्सिजन आहे. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी गादी अंथरा. लडाखला नेणार तेवढं सगळं सामान गाडीवर बांधा आणि गाडी त्या गादीवर आडवी करा. एकट्याने उचला. पाच मिनिटं थांबा, पुन्हा पाडा, पुन्हा उचला. असं तीनदा. तीनदा उचलली, तर मला फोन करा, पुढचं बोलू. दुसऱ्यांदाच वॉचमनला हाक मारावी लागली, तर पोलोकोंग्का लाच्या पलीकडे वॉचमन नसतो, एवढं लक्षात ठेवा आणि गाडी त्या हिशेबाने निवडा.