नडगी दुखते म्हणणारं पोरगं नाटकी नसतं

स्पष्टच लिहितो, राग आला तरी चालेल. आपल्या जिल्ह्यात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचे पाय ग्राउंडच्या आधीच मोडतायत आणि आपण ‘रग भरली असंल’ म्हणून सोडून देतोय.

पहाटे पाचला गेवराई, आष्टी, केज, धारूर, कुठल्याही रोडला जाऊन बघा. पोरं-पोरी डांबरीवरून पळत असतात, पायात तळ झिजलेले बूट. यात ऊसतोड कामगारांची लेकरं लई आहेत. आई-बाप कारखान्यावर, लेकरू अकॅडमीत, फी उचलीतून भरलेली. म्हणून दुखलं तरी ते बोलत नाही. आणि बोललंच तर मास्तर म्हणतो, “पळ, पळून पळून मोकळं होतं.”

नाही होत. उलट तुटतं.

हाड काही दगड नाही, ते जिवंत असतं. भार वाढला की ते आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथं नवा भरतं. पोखरायला काही आठवडे लागतात, भरायला काही महिने. काल घरी बसलेल्या पोराला आजपासून रोज दहा किलोमीटर पळवलं की पोखरणं पुढं जातं आणि भरणं मागं राहतं. मग नडगीला नाहीतर पावलाच्या लांब हाडाला केसासारखी चीर पडते. हेच स्ट्रेस फ्रॅक्चर. त्यासाठी पडावं लागत नाही, ठेचही लागत नाही. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरनं सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचं हे दुखणं १८५५ साली लिहून ठेवलं, एक्स-रेचा शोध लागायच्या ४० वर्षं आधी. आपल्या अकॅडम्यांपर्यंत ते अजून पोचायचंय.

पोरांनो, ओळखायचं कसं ते नीट वाचा. नडगी लांबपर्यंत ठणकते आणि पळायला लागल्यावर जरा मोकळी होते, तर बहुधा हाडाच्या कडेची सूज असते. पण दुखरी जागा एका बोटानं दाखवता येते, तिथं दाबलं की कळ जाते, त्या पायावर लंगडी घालता येत नाही, रात्री झोपेतही ठणकतं, तर पळणं त्याच दिवशी बंद. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून खूश होऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते.

माझ्या पुतण्याचं हेच झालं. एक्स-रे चांगला आला, अकॅडमीत “नाटकं करतो” म्हणून चार पोरांत बोलले, कुणीतरी दुखणं मारायचं इंजेक्शन दिलं आणि हा पळत राहिला. ग्राउंडला आठ दिवस राहिले तेव्हा एमआरआय काढला. नडगीला चीर. ती भरती गेली. आता पुढच्या जाहिरातीपर्यंत वय बसतंय का, हे घरात बोटांवर मोजणं चालूय.

बरं, उपाय महागही नाही. बहुतेकांना सहा ते आठ आठवडे पळणं बंद, चालताना दुखत असेल तर कुबडी. दुखत नसेल तर सायकल, विहिरीत पोहणं चालतं, दम टिकतो. मग आधी नुसतं चालणं, मग थोडं पळणं थोडं चालणं, तेही एक दिवसाआड. दुखलं की एक पायरी मागं. चोळणं, मालिश, हाडवैद्याकडून ओढून घेणं नको. जांघेत, पावलाच्या वरच्या बाजूला किंवा नडगीच्या पुढच्या कडेला मधोमध दुखत असेल तर तडक हाडाच्या डॉक्टरकडं. खुब्यातली चीर सरकली तर थेट ऑपरेशन.

पोरींचं वेगळं सांगतो. पळणं वाढलं, जेवण कमी पडलं आणि पाळी थांबली, तर ‘सुटका झाली’ म्हणू नका. हाडं कमजोर होतायत त्याची ती खूण आहे. २०१९ च्या सरकारी पाहणीत याच जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. बाईच्या दुखण्याकडं आपण कसं बघतो ते त्यात दिसलं. निदान लेकींच्या बाबतीत तरी तसं नको.

आता कुणीतरी म्हणंल, “मांडव्याचा अविनाश साबळे बघा, तो रडला का?” अकॅडम्यांच्या फ्लेक्सवर त्याचाच फोटो असतो. मग पूर्ण सांगा ना. साबळेच्या मागं प्रशिक्षक आहेत, फिजिओ आहेत. २०२५ च्या जुलैत मोनॅकोला पडून त्याच्या गुडघ्याला लागलं, तर शस्त्रक्रिया झाली, विश्रांती मिळाली, टोकियोची जागतिक स्पर्धा सोडावी लागली. त्याला कुणी नाटकी म्हणालं? मग आपल्याच लेकराला का?

“सर, स्पर्धाच तेवढी आहे.” मान्य. २०२४ च्या पोलीस भरतीला १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांवर अर्ज होते. पोरांना १६०० मीटरला २० मार्क, एकेका सेकंदाला किंमत. पण चीर पडलेल्या पायाला २० पैकी किती मिळतात? कडकपणाचंच म्हणाल, तर इस्रायलच्या लष्करानंही जवानांची रोजची झोप किमान सहा तास केली, चालण्याचं ओझं कमी केलं, तेव्हा ही फ्रॅक्चर घटली.

म्हणून मागण्या साध्या आहेत :

१. प्रत्येक तालुक्याला मातीचा ट्रॅक. पुतळ्याला आणि कमानीला निधी मिळतो, याला का नाही?
२. सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस भरतीच्या पोरांसाठी हाडाचा डॉक्टर आणि फिजिओ, गरज पडली तर एमआरआय फुकट.
३. ग्राउंडची तारीख किमान चार महिने आधी जाहीर करा. तारीख अचानक आली की सराव अचानक वाढतो आणि हाड तिथंच मोडतं.
४. फी घेणाऱ्या अकॅडमीनं पळायचं वेळापत्रक आणि जखमींची नोंद लेखी ठेवावी. शिट्टी आणि फ्लेक्स म्हणजे अकॅडमी नव्हे.

निवडणुकीला हीच पोरं झेंडे घेऊन तुमच्या पुढं पळतात, नेतेहो. त्यांच्या पायाचंही एकदा बघा.

आणि आई-बापांनो, फडावर असाल तर फोनवर मार्क विचारायच्या आधी एवढंच विचारा, “पाय दुखतोय का रे?”

पोस्ट गावच्या ग्रुपवर टाका. अकॅडमीवाल्यांनी उत्तर द्यावं, मी वाचायला बसलोय.