शहराखालच्या पाण्याचा हिशेब

विहिरी आटल्या की दोष शेतकऱ्याच्या मोटारीला. पण शहराच्या पोटातून बोअरने आणि टँकरने जे पाणी उपसले जाते, त्याचा हिशेब कोणी ठेवला आहे?

तळेगाव दाभाडे पाहा. उत्तरेला इंद्रायणी, दक्षिणेला पवना, वर मावळचा पाऊस. आम्हा कोरडवाहू कपाशी-ज्वारीवाल्यांचा तळेगावशी काय संबंध? संबंध खडकाचा आहे. आपल्या रानाखाली आहे तोच काळा कातळ तळेगावच्या इमारतींखाली आहे. त्यात पाणी राहते ते भेगांत आणि मुरमात. शंभर घनफूट खडकातून हाती लागते एक ते तीन घनफूट. म्हणजे पाण्याची पातळी एक मीटरने चढली तरी एकरामागे साठा वाढतो तो ४० हजार ते १ लाख २० हजार लिटर, बस्स. असा तुटपुंजा साठा उपसायला किती वेळ लागतो?

शास्त्रज्ञ आता हे भूजल संगणकावर मांडतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९८० च्या दशकात त्यासाठी 'मॉडफ्लो' ही पद्धत तयार केली. जमिनीचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात किती मुरले, किती उपसले, शेजारी किती सरकले, याची बेरीज-वजाबाकी करायची. पद्धत चांगली आहे. पण आकडे कोठून आणणार? शहरात सिमेंटमुळे पाऊस मुरत नाही. उलट धरणातून आणलेले पाणी फुटक्या नळांतून आणि गटारांतून मुरते. विहिरीला पाणी दिसते, पण ते पावसाचे की गटाराचे? आणि सोसायट्यांच्या बोअरवर मीटरच नसेल, तर उपसा अंदाजाने लिहावा लागतो. अंदाज घालून काढलेले उत्तर हा अंदाजच.

महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा १ जून २०१४ पासून लागू आहे. तो विहिरींची नोंदणी करायला सांगतो. मग सोसायटीची बोअर ही विहीर नव्हे काय?

आमची मागणी साधी आहे. शहरातली प्रत्येक बोअर मोजा. टँकरच्या खेपा लिहा. पातळीचे आकडे नगरपरिषदेच्या फळ्यावर लावा. उपशावर बंधने घालायची बोलणी त्यानंतर.

शेतकरी भावाबहिणींनो, हिशेब मागणाऱ्याची स्वतःची वही कोरी असून चालत नाही. मे अखेरीला आणि ऑक्टोबरात आपल्या विहिरीत दोरी सोडा, पाणी किती हातांवर आहे ते मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या.