एक्स-रे नॉर्मल आला म्हणून थांबू नका

स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या माणसाची पाठ दुखू लागली की आपल्याकडे पहिला अंदाज असतो तो मणक्यात गॅप आल्याचा. एक्स-रे काढतात, तो नॉर्मल येतो, आणि मग मलम, शेक, पट्टा यांत महिने निघून जातात. हे थांबायला हवे. कर्करोग हाडात पसरला असला तरी मणक्यातले साधारण 30 ते 50 टक्के खनिज झिजल्याशिवाय त्याने पाडलेली पोकळी एक्स-रेवर नीट दिसतच नाही. कर्करोग होऊन गेलेल्या माणसाची नवी, रात्री झोप मोडणारी हाडदुखी एक्स-रेवर निकालात काढू नये.

अशा वेळी होणाऱ्या बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात आणि दोन ते चार तासांनी गॅमा कॅमेऱ्याखाली सगळा सांगाडा एका खेपेत पाहतात. पण या स्कॅनला कर्करोग दिसत नाही. दिसते ती हाडाची स्वतःला सांधण्याची धडपड. म्हणून जुने फ्रॅक्चर किंवा संधिवातही काळा डाग उमटवतो. उलट मायलोमा या हाडातल्या मगजाच्या कर्करोगात हाड पोखरले जाते, डागडुजी मात्र फारशी होत नाही, त्यामुळे तो निसटू शकतो. औषध लागू पडल्यावर हाड भरून येतानाही सुरुवातीला डाग वाढल्यासारखे वाटतात. रिपोर्ट हातात पडताच घरच्यांनी धीर सोडू नये, तो याचसाठी.

एमआरआयला हाडातला मगज दिसतो आणि मज्जारज्जूवर आलेला दाबही. पाठदुखीबरोबर पायांतली ताकद कमी झाली किंवा लघवी अडकली, तर संपूर्ण मणक्याचा एमआरआय 24 तासांच्या आत व्हायला हवा. चालता येत असतानाच उपचार मिळाले तर पुढेही चालत राहण्याची शक्यता मोठी असते; पाय गेल्यावर ते परत मिळवणे फार अवघड.

प्रोस्टेटच्या कर्करोगात पीएसएमए पेट स्कॅनने, म्हणजे त्या पेशींवरचे पीएसएमए हे प्रथिन शोधणाऱ्या स्कॅनने, चित्र बदलले आहे. जास्त जोखमीच्या 302 रुग्णांवरच्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत पसरलेला रोग ओळखण्यातली त्याची अचूकता 92 टक्के भरली; सीटी आणि बोन स्कॅन मिळून 65 टक्के. याचा अर्थ प्रत्येकाने पेट स्कॅन करावा असा नाही. स्तनाच्या अगदी सुरुवातीच्या कर्करोगात, काही त्रास नसताना, अशा तपासण्यांतून खर्च आणि धास्तीच जास्त पदरी पडते.

तेव्हा डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: ही तपासणी नेमके काय शोधणार आहे, आणि त्याने उपचार बदलणार आहेत का? सरकारकडे मागणी एकच. मोठ्या शहरांत पेट स्कॅनची यंत्रे वाढोत, पण त्याआधी प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी रात्री-अपरात्री मणक्याचा एमआरआय व्हावा आणि तो वाचणारा तज्ज्ञ त्याच रात्री उपलब्ध असावा.